तपकिरी वाटीबुरशी ओळखताय? या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

इंग्लंडात ऑक्टोबर लागला की बीच नावाच्या झाडांच्या जंगलात पायवाटेच्या कडेला ओल्या मातीत तपकिरी वाट्या दिसायला लागतात, आणि अळंबी नि कुत्र्याच्या छत्र्या एवढंच बघत मोठा झालेला माझ्यासारखा माणूस लगेच वाकून वरून एक फोटो मारतो, ॲप म्हणतं पेझिझा बाडिया (पेझिझा हा वाटीबुरशींचा गट, बाडिया त्यातली एक जात), झालं काम! दोन वर्षं मला दिसलेली प्रत्येक तपकिरी वाटी बाडियाच होती.

तर पहिली चूक तो वरून मारलेला फोटो. बाहेरची बाजू, काठ आणि बुड बघितल्याशिवाय काही कळत नाही. बाहेरून तपकिरी केस आणि आतून पांढरट असेल तर ती ह्युमेरिया, पेझिझा नाहीच. एका बाजूला काठापासून खालपर्यंत चीर आणि आकार कानासारखा असेल तर ओटिडिया. काठाला बारीक दातरे आणि रंग दुधाळ चहाचा असेल तर बहुतेक टार्झेटा.

रंगावर तर अजिबात जाऊ नका, तीच वाटी पावसात चॉकलेटी आणि दोन दिवस ऊन मिळालं की बिस्किटासारखी फिकट.

दुसरी चूक, उगवलीय कशावर ते न बघणं. पेझिझाच्या जातींपैकी बाडिया मातीत येते, वारिया आणि तिची भावंडं कुजक्या लाकडावर, वेसिक्युलोसा शेणखत नि कुजक्या पेंढ्यावर. पण मातीखाली लाकूड पुरलेलं असतं ना, तिथेच मी फसलो, म्हणून बुडाजवळची माती बोटाने जरा उकरून बघाच. आणि एल्डरच्या फांदीवर रबरासारखं लिबलिबीत काही असेल तर तो जेली इअर, कानासारखी दिसणारी बुरशी, त्याचा या वाट्यांशी संबंध नाही, त्याचे भाऊबंद आपल्या सह्याद्रीतही पावसाळ्यात ओंडक्यांवर दिसतात. तो वाकतो, पेझिझा कटकन मोडते.

मोडायचा विषय निघालाच आहे तर एक तुकडा मोडाच, जीव तुटतो माहितीये. सुकोसा ही पेझिझाची जात असेल तर मोडलेल्या जागी रस पिवळा पडतो, पांढऱ्या टिश्यूवर टिपला की छान दिसतं. पिकलेल्या वाटीवर हलकी फुंकर मारली की बीजाणूंचा धूर उडतो, मजा येते, पण त्यावरून जात कळत नाही.

पुढचं काम मायक्रोस्कोपचं. बाडियाच्या बीजाणूंवर अर्धवट जाळीसारखी नक्षी असते, वारियाचे गुळगुळीत. इथे माझा मोठा घोळ झाला, कोवळ्या वाटीचा तुकडा चिरडून बघितला आणि गुळगुळीत म्हणून मोकळा झालो, कच्च्या बीजाणूंवर नक्षी आलेलीच नसते! वाटी काचपट्टीवर पालथी ठेवा, आपोआप उडून पडलेले बीजाणूच बघा. मेल्झरचं आयोडीन (बुरशी तपासायचं रंगद्रावण) टाकल्यावर पेझिझाच्या बीजाणू-नळ्यांची टोकं निळी होतात, ओटिडियाची होत नाहीत.

नावांचा गोंधळ वेगळाच. 2020 मध्ये पेझिझा गटाची बरीच फोडाफोडी झाली, नव्या याद्यांत पेझिझा बाडिया ही 'लेगॅलियाना बाडिया' म्हणून सापडेल, ती वेगळी बुरशी समजून परत शोधत बसू नका.

आणि खायचं? नाही. बाडिया कच्ची खाल्ली तर पोट बिघडतं, शिवाय ओळख किती कच्ची असते ते वर वाचलंतच.

हल्ली माझ्या वहीत निम्म्या नोंदी अशा असतात: पेझिझा, बीचखाली, मातीत, लाकूड सापडलं नाही, रस बिनरंगी, जात माहीत नाही.