सोलर वॉटर हीटर कोरडा पडला असेल तर दुपारी पाणी सोडू नका
ठाण्यात पाण्याचा शटडाऊन असला की गच्चीवरची टाकी संपते आणि नॉन रिटर्न व्हॉल्व (पाणी उलटं जाऊ न देणारा) नसेल तर सोलरमधलं पाणीपण गार पाण्याच्या लाईनमधून उलटं उतरून जातं. मग काचेच्या ट्यूबमध्ये उरलेलं पाणी उन्हात आटत जातं आणि त्यांचा कोरडा भाग तापतो, आतून पार 100 डिग्रीच्या वर, आणि तेवढ्यात पाणी आलं म्हणून कोणीतरी व्हॉल्व सोडतं की टक्क आवाज येऊन ट्यूब तडकलीच समजा, एक जरी फुटली तरी सोलरची सगळी टाकी गच्चीवर वाहून जाते हो! आमच्याकडे झालंय हे. म्हणून इनलेट (सोलरमध्ये गार पाणी येतं तो व्हॉल्व) बंद ठेवा, दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत, सहा-साडेसहाला भरा. घाईच असेल तर ट्यूबवर जाड चादर टाकून संध्याकाळपर्यंत थांबा.