मुलांना घेऊन बर्फात मुक्काम: अल्गॉन्क्विनमधले स्नोशू कॅम्पिंग

कॅनडातल्या टोरांटो परिसरातल्या कुटुंबांना हिवाळी मुक्कामासाठी अल्गॉन्क्विन प्रोव्हिन्शियल पार्क सोयीचे आहे. गाडीने साधारण तीन तासांत पोहोचता येते. फेब्रुवारीत तिथे पारा रात्री उणे २० पर्यंत सहज उतरतो. पहिल्या खेपेला हायवे ६० लगतचा म्यू लेक कॅम्पग्राउंड घ्या. तो हिवाळ्यातही चालू असतो आणि काही बिघडले तर गाडी जवळ असते. तिथे एक रात्र नीट निभावली की मगच परवाना काढून आतल्या जंगलात जा. तेव्हाही गाडीपासून दोन-तीन किलोमीटरपेक्षा लांब जाऊ नका. भुसभुशीत बर्फात लहान मुलांचा वेग ताशी एक-दीड किलोमीटर असतो आणि सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. मुक्कामाच्या जागी दुपारी दोनपर्यंत पोहोचायचे, असा उलटा हिशोब करून निघण्याची वेळ ठरवा.

स्नोशू आणि कपडे

साधारण ८० किलोपर्यंतच्या माणसाला (पाठीवरचे ओझे धरून) २५ इंची स्नोशू (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी) पुरतात. त्याहून जास्त वजनाला ३० इंची लागतात, मुलांना १६ ते २० इंची. पट्टा पायाच्या पुढच्या भागावर घट्ट बसवा. टाच मोकळी उचलली गेली पाहिजे. बकल बाहेरच्या बाजूला येईल असे घाला, नाहीतर चालताना एकमेकांत अडकतात. मुलांना हा सराव घराजवळच्या बागेत आधीच द्या.

सुती कपडा एकही नको, आतली बनियनसुद्धा नको. सुती कापड घाम धरून ठेवते आणि थांबल्यावर अंग गारठते. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, त्यावर फ्लीस, बाहेर वारा अडवणारे जॅकेट. चालायला लागताना थोडी थंडी वाजली पाहिजे. ऊब वाटत असेल तर एक थर जास्त आहे, दहा मिनिटांत घाम येणार. मुलांना पाच बोटांचे हातमोजे नकोत, मिटन्स (चार बोटे एकत्र राहणारे हातमोजे) द्या. प्रत्येकी एक जादा जोडी ठेवा, कारण पहिली जोडी हमखास ओली होते.

स्लेज

सामान पाठीवर घेण्यापेक्षा प्लास्टिकच्या स्लेजवर (बर्फावरून ओढायची घसरगाडी) बांधा, जड वस्तू तळाशी आणि किंचित मागे. नुसत्या दोरीने ओढाल तर उतारावर स्लेज येऊन टाचांवर आदळते. दोरी दोन पीव्हीसी नळ्यांतून ओवा आणि नळ्या फुलीसारख्या आडव्या ठेवून कमरेच्या पट्ट्याला जोडा. त्यामुळे वळणेही नीट घेता येतात. दमलेल्या मुलाला स्लेजवर बसवायचे असेल तर खाली फोमची चटई, वरून स्लीपिंग बॅग हवीच. ओढणारा घामाघूम होतो, बसलेले मूल मात्र हालचाल नसल्याने काकडते. दर दहा-पंधरा मिनिटांनी त्याला उतरवून चालवा. बडबडे मूल अचानक गप्प झाले, धडपडू लागले किंवा उगाच चिडले, तर तिथेच थांबा. कोरडे कपडे, गोड गरम पेय आणि काही खायला द्या. गालावर पांढरा डाग दिसला तर उघड्या तळहाताने ऊब द्या. चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही.

गोठलेल्या तळ्यावरून जाणे पहिल्या सहलीत टाळाच. स्वच्छ, निळसर बर्फ १० सेंटिमीटर जाड असला तर एक माणूस चालू शकतो. कुटुंब आणि स्लेज असेल तर १५ धरा. पांढरट, दुधी बर्फाची ताकद निम्मीच असते. ओढा जिथे तळ्याला मिळतो किंवा बाहेर पडतो तिथे जाडीचा काही भरवसा नसतो.

तंबू

आधी वर पाहा. वाळलेली किंवा बर्फाने वाकलेली फांदी डोक्यावर नको. मग स्नोशू घालूनच तंबूच्या दीडपट जागा सगळ्यांनी तुडवा. मुले हे काम आनंदाने करतात. त्यानंतर किमान अर्धा तास त्या जागेला हात लावू नका. दाबलेले कण तेवढ्या वेळात एकमेकांना चिकटून थर कडक होतो. ही घाई नडते: रात्री गुडघ्याखाली खड्डे पडतात आणि सकाळी ते दगडासारखे गोठलेले असतात. साधे खुंटे बर्फात टिकत नाहीत. दोरी काठीला मध्यावर बांधा, काठी आडवी पुरा, वर बर्फ तुडवा.

पाणी आणि जेवण

नेहमीचा ब्युटेन सिलिंडर इथे निकामी ठरतो, कारण शून्याच्या आसपासच ब्युटेनची वाफ होणे थांबते. व्हाइट गॅसचा (पेट्रोलसारखे शुद्ध द्रव इंधन) स्टोव्ह घ्या. बर्फ वितळवायचा असेल तर चौघांना दिवसाला जवळपास एक लिटर इंधन धरा. स्टोव्हखाली प्लायवुडचा तुकडा ठेवा, नाहीतर तो बर्फात रुतत जातो. भांड्यात आधी कपभर पाणी घाला. नुसता कोरडा बर्फ टाकला तर भांडे करपते आणि पाण्याला जळका वास येतो. ताज्या भुसभुशीत बर्फाच्या दहा भांड्यांतून जेमतेम एक भांडे पाणी निघते. पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेवा, म्हणजे झाकण गोठत नाही.

भात तिथे शिजवत बसू नका. घरून मूगडाळीची खिचडी भरपूर तूप घालून करा, पिशव्यांत चपटी गोठवून न्या आणि तिथे फक्त गरम करा. नाश्त्याला पातळ पोहे गरम पाण्यात भिजवले की झाले. डिंकाचे लाडू उत्तम, पण आतल्या खिशात ठेवा. उणे २० ला गोठलेला लाडू काय, चिक्की काय, दाताची परीक्षा पाहते. स्टोव्ह तंबूच्या आत कधीही पेटवू नका, दार उघडे ठेवूनही नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.

झोप

थंडी जास्त खालून येते. प्रत्येकाखाली फोमची चटई आणि तिच्यावर हवेची, दोन्ही हव्यात. झोपताना सगळे कपडे बदला, मोजेसुद्धा. कडक प्लास्टिकच्या बाटलीत उकळते पाणी भरा, झाकण तपासा, मोज्यात घालून ती मुलाच्या स्लीपिंग बॅगेत ठेवा. फोन, लायटर आणि बुटांचे आतले अस्तरही बॅगेतच. तोंड मात्र बाहेर, कानटोपीत. बॅगेत सोडलेला श्वास आतच दमट होऊन रात्री गारठवतो. तंबूचे वरचे झरोके उघडे ठेवा. नाहीतर श्वासाची वाफ छताला गोठून सकाळी सगळ्यांच्या अंगावर पडते. झोपण्याआधी मूठभर शेंगदाणे आणि लघवी, दोन्ही सक्तीचे. मध्यरात्री मूल गारठून उठले तर बहुतेक वेळा कारण यांतलेच एक असते.

सकाळी आधी गरम पेय, मग कपडे, आणि तंबू सगळ्यात शेवटी. त्यावरचा हिमकण झटकूनच गुंडाळा. घरी पोहोचल्यावर तंबू आणि स्लीपिंग बॅगा त्याच दिवशी उलगडून टांगा आणि पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात कोंबू नका.