गिऱ्हाईकाला इको-फ्रेंडली हवंय म्हणून पॅकिंग बदलताय? या चुका टाळा

मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक फोनवर विचारतं, "प्लास्टिक नाही ना हो?" की आपल्याकडे लगेच नवा बॉक्स, नवी पिशवी, लेबलवर हिरवं पान. गिऱ्हाईक मागतं म्हणूनच माल पाठवायची पद्धत सुधारते हे मला मान्य आहे, पण त्याला नेमकं काय हवंय ते समजून न घेता घाई केली की काय होतं ते दरवर्षी बघतोय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे फक्त पिशवी बदलणं. गुहागरकडच्या एका बचत गटाने फणसपोळी कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या पिशवीत भरली. जूनचा पाऊस लागलेला, मी म्हटलं आधी थोडी ठेवून बघा, पण ऑर्डर हातात होती, थांबतंय कोण? पोळीला पाणी सुटलं, कडेने पांढरी बुरशी, पिशव्या हाताला चिकट आणि जोड ओढला की उघडत होता. अख्खा लॉट परत आला, दोन्हीकडचं भाडं आणि डिझेल गेलं, फणस गेला, बायकांची मेहनत गेली, यात पर्यावरणाचं काय भलं झालं सांगा. ही पिशवी दमट हवा साध्या प्लास्टिकएवढी अडवत नाही, आणि बहुतेक कंपोस्टेबल प्लास्टिक कुजायला ५८ अंशांच्या आसपास उष्णता बरेच दिवस टिकावी लागते, ती फ्लॅटच्या कुंडीत कुठून येणार?

माझी सवय अशी, की नवीन पॅकिंगमध्ये खरा माल भरायचा आणि पडवीत खिळ्याला टांगून ठेवायचा, आषाढ-श्रावण काढू द्यायचा. हात लावून, वास घेऊन बघायचं. तोवर पोळीला चिकटून असलेलं एक कामाचं प्लास्टिक राहू दे, बाहेरचा बबल रॅप, ट्रे, चकचकीत वेष्टण आधी काढा. एवढाही धीर नसेल तर खाण्याच्या धंद्यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

"इको-फ्रेंडली आवडेल का?" असं विचारू नका, सगळेच हो म्हणतात. दोन्ही पॅकिंग किमतीसकट समोर ठेवा आणि कुठलं उचलतात ते वहीत लिहा.

लेबलवर "१००% इको-फ्रेंडली" छापताय तर पुरावा हवा, ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ग्रीनवॉशिंगवर, म्हणजे पर्यावरणाच्या नावाने केलेल्या खोट्या दाव्यांवर, मार्गदर्शक तत्त्वं आहेत.

गिऱ्हाईकाची प्रत्येक आवड पुरवायचीच असंही नाही. सगळे आंबे एकसारखे पिवळेधमक हवेत या हट्टापायीच फळ झटपट पिकवायचं रसायन, कार्बाइड, चालतं, कायद्याने बंदी असूनही. आढीतला हापूस पुढेमागे पिकणार, हे ऑर्डर घेतानाच सांगा, ऐकणारं गिऱ्हाईक पुढच्या वर्षीही येतं.

आणि पेटीत पेंढा घालणार असाल तर आदल्या दिवशी कडक उन्हात वाळवा, ओल्या पेंढ्याने आंब्याला बुरशी धरते.