गरब्यानंतर मसाज घ्यायचाय? मग कोणता घ्यायचा ते आधी ठरवा

नवरात्र संपलं की बडोद्यात निम्म्या घरांत पोटऱ्या धरलेल्या असतात, मग अलकापुरीत एखाद्या स्पामध्ये जाऊन बसलं की हातात मेन्यू येतो, स्वीडिश, डीप टिश्यू, थाई, हॉट स्टोन, आणि आपण किंमत बघून कशावर तरी बोट ठेवतो. असं नका करू हो. नेमकं कुठे दुखतंय आणि दाब किती सोसतो, एवढं आधी ठरवा.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा डीप म्हणजे भारी असेल म्हणून तोच घेतला. तिथल्या ताईंनी खांद्याजवळच्या गाठीवर कोपर टेकवून हळूहळू दाब वाढवत नेला, मी दात आवळून गप्प पडून राहिले आणि दुसऱ्या दिवशी वेणी घालायला हात वर जाईना. डीप टिश्यूनंतर एक-दोन दिवस अंग ठणकतं, ते चालतं, पण मसाज चालू असताना श्वास रोखून धरावा लागत असेल तर दाब जास्त झालाय, लगेच सांगायचं. दिवसभर कम्प्युटरसमोर बसून मान-खांदे दगड झालेत त्यांनाच हा घ्यावा, आणि दुसऱ्या दिवशी लग्नकार्य असेल तर नकोच.

नुसता थकवा आहे, झोप लागत नाही, पहिलीच वेळ आहे, तर सरळ स्वीडिश. तेल लावून लांब लांब हात फिरवतात, कणीक मळल्यासारखं करतात, बरं वाटतं.

गरब्याने मांड्या-कंबर आखडली असेल तर मला थाईच आवडतो. तेल नाही, सैल कपडे घालून खाली गादीवर झोपायचं, ते हात-पाय ताणून देतात. 2019 मध्ये युनेस्कोने या थाई मालीशला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलंय. पण स्लिपडिस्क असेल किंवा गुडघा बदललेला असेल तर ही ताणाताणी नको.

अभ्यंग म्हणजे आपलं दिवाळीतल्या पहिल्या आंघोळीचं तेल लावणंच, कोमट तिळाचं तेल आणि नंतर वाफ, थंडीत त्वचा फुटते त्यांना छान. हॉट स्टोन मात्र डायबिटीसमुळे पाय बधिर झालेत त्यांनी घेऊ नये, भाजलेलं कळतच नाही.

आणि हे नीट वाचा, दोन्ही पोटऱ्या दुखतायत तो गरबा, पण एकच पोटरी सुजलीय, गरम लागतेय, लाल दिसतेय तर मसाज अजिबात नाही, आधी डॉक्टर, कारण आत रक्ताची गुठळी असू शकते. ताप, फ्रॅक्चर, त्वचेचं इन्फेक्शन असेल तरी थांबा, आणि दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारून आणि स्पामध्ये आधी सांगूनच.

आमच्या सासूबाईंना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यांनाही यायचं होतं. डॉक्टर म्हणाले जोर लावायचा नाही, म्हणून त्यांना स्पामध्ये नाही नेलं, रात्री खोबरेल तेल कोमट करून मीच तळपायांना हलक्या हाताने लावते, दहा मिनिटांत त्यांचा डोळा लागतो.