डेंग्यूच्या तापात या चुका टाळा

पावसाळा लागला की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या लॅबसमोर सकाळपासून गर्दी असते, आणि दरवर्षी त्याच त्या चुका बघून जीव तुटतो.

सगळ्यात घातक समजूत म्हणजे ताप उतरला की डेंग्यू गेला. ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी उतरतो आणि पुढचे २४ ते ४८ तास खरे जपायचे असतात. रक्तातला विषाणू तेव्हा कमी होत असतो, पण त्याच्याशी झुंजताना प्रतिकारशक्ती खवळते आणि केशवाहिन्या, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्या, पाझरायला लागतात. रक्तातला द्रव पोटात, छातीत उतरतो, रक्त दाट होतं, बीपी पडतं.

तालमीतला एक पोरगा पाचव्या दिवशी ताप गेला म्हणून थेट आखाड्यात उतरला. संध्याकाळी पोटात कळा, उलट्या. आईनं आणला तेव्हा हातपाय गार पडलेले. ‘ताप तर गेलाय की!’ एवढंच ती माउली म्हणत होती. घरचे सगळे पेशींचा, म्हणजे प्लेटलेटचा, आकडा विचारत होते. मी दोन दिवसांपूर्वीचा रिपोर्ट शेजारी ठेवला : हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा टक्का, तेव्हा ४२, आता ५३; रक्त दाट झालं की हा आकडा चढतो. तसाच अ‍ॅडमिट केला, वेळेत सलाइन लागली म्हणून वाचला. पेशींइतकंच या आकड्याकडेही बघा आणि जुना रिपोर्ट फेकू नका. पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, लघवी कमी झालीय, तर ताप नसला तरी दवाखाना गाठा.

दुसरी चूक घाईची. सकाळी कणकण आली की दुपारी आयजीएम, म्हणजे डेंग्यूच्या अँटिबॉडीची तपासणी, करायला हजर! अँटिबॉडी तयार व्हायला शरीराला चार-पाच दिवस लागतात. त्याआधी निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नये. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१, म्हणजे थेट विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी, करावी. मी तर ताप कुठल्या दिवशी आला हे विचारून फॉर्मवर लिहिल्याशिवाय सुईच लावत नाही.

अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून ब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिन आणू नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. पपईच्या पानांचा रस पाजत घरी दिवस काढणं मला अजिबात पटत नाही.

‘मला एकदा होऊन गेलाय, आता परत होणार नाही’ हेही खरं नाही. विषाणूचे चार प्रकार आहेत आणि पुढच्या वेळी वेगळ्या प्रकाराचा डेंग्यू झाला तर तो अनेकदा जास्त जड जातो.

आणि पाण्याचं बॅरल नुसतं पालथं करून भागत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी आतल्या कडेला चिकटून कोरडीच महिनोन्महिने तग धरतात. आठवड्यातून एकदा काथ्यानं खसाखसा घासा, मगच पाणी भरा आणि वर घट्ट झाकण लावा.