रांगोळीतनं कृष्णा, थेट समुद्रापर्यंत

कृष्णेचं पाणी कुठं जातं विचारलं की आमच्या सांगलीतली बरीच पोरं कोकणाकडं बोट दाखवतात, म्हणून मी आधी ग्राउंडवर नदीच काढून घेते. चुन्यानं 14 मीटरची रेघ मारायची, एक मीटर म्हणजे 100 किलोमीटर, कारण नदी जवळपास 1400 किलोमीटर आहे. एका टोकाला महाबळेश्वर, दुसऱ्याला आंध्रातलं हंसलादीवी आणि बंगालचा उपसागर. आता महाबळेश्वरच्या मागं दोनच फुटांवर अरबी समुद्र काढा. इथं पोरं गप्पच होतात, एवढा जवळचा समुद्र सोडून ही उलटी का गेली? लगेच सांगू नका हं! ओल्या मातीचा सह्याद्री करायला लावा, पश्चिमेला उभा कडा, पूर्वेला उतार, आणि माथ्याच्या जरा अलीकडं तांब्यानं पाणी सोडा, आपोआप कळतं.

मग निळी रांगोळी. कराडला कोयना, हरिपूरला वारणा, त्या नद्यांची पोरं ओवी म्हणत येऊन मिळतात आणि रेघ जाड करत जातात.

समुद्र मात्र कागदावर, लिटरभर पाण्यात 35 ग्रॅम मीठ, साधारण समुद्राएवढंच खारं, त्यातच रंग कालवायचा. चित्र उन्हात वाळलं की हात फिरवायला सांगा, मिठाची खरखर बोटाला लागते.