सोसायटीच्या बागेतील माती घरच्या घरी कशी तपासावी

माती परीक्षण म्हटले की बहुतेकांना नत्र, स्फुरद, पालाश आणि सामू एवढेच आठवते. ठाणे आणि नवी मुंबईतील सोसायट्यांच्या बागांत मात्र झाड खंगण्याचे कारण पुष्कळदा खताच्या कमतरतेत नसते, तर मातीच्या कणांमधील पोकळ्यांत असते. या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही पुरेशी असतात, तेव्हा शेतकरी जमिनीला वाफसा आला असे म्हणतो. वाफसा टिकतो की नाही हे मातीचा पोत (म्हणजे रेती, पोयटा आणि चिकणमाती यांचे प्रमाण), घट्टपणा आणि निचरा यांवर ठरते, आणि या तिन्ही गोष्टी बरणी, पाइपचा तुकडा आणि स्वयंपाकघरातील वजनकाटा यांच्या साहाय्याने बऱ्यापैकी तपासता येतात.

प्रथम दीड वीत खोल खड्डा खणून त्याची उभी बाजू नीट पाहावी. ठाण्यातील येऊरच्या डोंगराच्या पायथ्याकडील वसाहतींत बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेली तांबूस, मुरमाड आणि उथळ माती सापडते. नवी मुंबईत खाडीलगतच्या अनेक भूखंडांवर तळाशी खारा गाळ, त्यावर मुरमाचा भराव आणि सर्वांत वर ट्रकने आणलेली लाल माती असे थर दिसतात. माळी फक्त वरचा थर पाहतो, मुळांना मात्र तिन्ही थरांशी गाठ घालावी लागते. म्हणून प्रत्येक थराचा नमुना वेगळा घ्यावा, सावलीत वाळवावा, ढेकळे हाताने फोडावीत आणि साधारण 2 मिलिमीटर भोकांच्या चाळणीतून चाळावा. चाळणीवर उरतात ते खडे. त्यांची गणना मातीत होत नाही.

पोत पाहण्यासाठी उभट, पारदर्शक बरणी एक तृतीयांश मातीने भरावी, पाणी घालावे, चमचाभर धुण्याचा सोडा टाकावा आणि झाकण लावून दहा मिनिटे जोरात हलवावे. सोड्यामुळे चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात. बरणी ओट्यावर ठेवताच घड्याळ लावावे. रेतीचा कण 0.05 मिलिमीटरपेक्षा मोठा, चिकणमातीचा 0.002 मिलिमीटरपेक्षा लहान आणि पोयट्याचा या दोहोंच्या मधला असतो. स्टोक्सच्या नियमानुसार व्यास दहापट कमी झाला की कण खाली बसण्याचा वेग शंभरपट कमी होतो, त्यामुळे रेती मिनिटभरात तळाशी जाते, तर चिकणमातीच्या सर्वांत मोठ्या कणालाही 10 सेंटिमीटर उतरायला 20 अंश तापमानाच्या पाण्यात सुमारे 8 तास लागतात. आपल्याकडील 30 अंशांच्या पाण्यात हा वेळ सहा-साडेसहा तासांवर येतो, कारण कोमट पाणी अधिक पातळ असते. एका मिनिटाने आणि साडेसहा तासांनी बरणीवर खुणा कराव्यात. त्यानंतर जे बसेल ती चिकणमाती. फुगलेला थर जाड दिसतो, म्हणून टक्केवारी अंदाजाचीच समजावी.

येथे एक फसगत सांगणे आवश्यक आहे. नेरूळच्या एका बागेतील खालच्या थराची माती मी अशीच बरणीत घातली, तर पाणी तासाभरात नितळ झाले आणि मी बिनदिक्कत ‘पोयटा’ असे लिहून मोकळा झालो. बोटांत मळल्यावर मात्र त्याच मातीची पाच सेंटिमीटरहून लांब पट्टी न तुटता निघाली, जी चिकणमातीचीच खूण आहे. दोष मिठाचा होता. खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे कण गोळा होऊन गुठळ्यांच्या रूपाने झटपट बसतात. तीच माती पावसाच्या पाण्याने तीनदा धुऊन पुन्हा हलवली, तेव्हा दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच होते. खाडीकाठच्या नमुन्याला ही धुणी चुकवू नये.

घट्टपणा मोजण्यासाठी वाफसा असतानाच 7 सेंटिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा पाइपचा तुकडा लाकडी फळी ठेवून जमिनीत ठोकावा, अखंड बाहेर काढावा आणि आतील माती ओव्हनमध्ये 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावी. पाइपचे आकारमान सुमारे 269 घन सेंटिमीटर असते. वाळलेली माती समजा 420 ग्रॅम भरली, तर घनता घन सेंटिमीटरला 1.56 ग्रॅम येते. कणांची स्वतःची घनता साधारण 2.65 धरल्यास पोकळ्या 41 टक्के उरतात. रेताड मातीत 1.56 ही घनता चालेल, पण चिकण मातीत घनता 1.47 च्या पुढे गेली की मुळांना शिरणे कठीण होते. मुरमात ही चाचणी करण्यात फारसा अर्थ नाही, कारण खडे आकडा फुगवतात.

पाणी जिरण्याची चाचणी सोपी आहे. 15 सेंटिमीटर व्यासाचे कडे जमिनीत रुतवून त्यात सुमारे 440 मिलिलिटर, म्हणजे अडीच सेंटिमीटर, पाणी ओतावे आणि ते जिरले की तेवढेच पुन्हा ओतून दुसऱ्या खेपेचा वेळ मोजावा. पहिली खेप कोरड्या भेगांतून निसटते, म्हणून ती धरू नये.

शेवटी, हरभऱ्याएवढे वाळलेले ढेकूळ बशीतील पावसाच्या पाण्यात न हलवता सोडावे. ते फक्त ढासळले, तर सेंद्रिय पदार्थ कमी आहेत असे समजून कंपोस्ट घालावे. ढेकळाभोवती दुधासारखे ढग पसरू लागले, तर कणांवर सोडियम बसलेला आहे. पाऊस मीठ धुऊन नेईल तशी अशी माती विखरून स्वतःच्याच पोकळ्या बुजवते. त्यावर जिप्सम हा उपाय आहे, कारण त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. मात्र सुटलेल्या सोडियमला वाहून जायला वाट हवी. कड्यातील दुसऱ्या खेपेचे पाणी तास उलटूनही तसेच उभे असेल, तर आधी चर खणावा आणि जिप्समची पोती त्यानंतर आणावीत.